तारीख कळते, खटला कळत नाही

फौजदारी खटल्यात सापडलेल्या माणसाला आपल्या पुढच्या तारखेचा दिवस पाठ असतो; त्या दिवशी न्यायालयात नेमके काय होणार आहे, हे मात्र त्याला बहुधा ठाऊक नसते. तालुक्याच्या न्यायालयाच्या आवारात, झाडाखाली किंवा टायपिंगच्या टपरीशेजारी सकाळपासून पुकाऱ्याची वाट पाहत बसलेल्या कुणालाही विचारून पाहावे. आपला खटला आरोप निश्चितीवर आहे की साक्षीपुराव्यावर, आज आपल्याला बोलावे लागणार आहे की नुसते हजर राहायचे आहे, सरकारी वकील आपल्या बाजूचे आहेत की नाहीत, या प्रश्नांची उत्तरे त्याच्याकडे नसतात. हे अज्ञान त्या माणसाचा दोष आहे असे मानण्याची आपल्याला सवय लागली आहे. मला तो व्यवस्थेचा दोष वाटतो. ज्या प्रक्रियेत माणसाचे स्वातंत्र्य, पैसा, अब्रू आणि आयुष्यातील वर्षे पणाला लागतात, ती प्रक्रिया त्याला समजेल अशा मराठीत, लेखी आणि प्रत्येक टप्प्यावर समजावून सांगणे हे शासनाचे आणि न्यायव्यवस्थेचे बंधनकारक कर्तव्य असले पाहिजे. आज ते कुणाचेच ठरलेले काम नाही, आणि मराठवाड्यातील गरीब माणूस त्याची किंमत मोजतो आहे.

१ जुलै २०२४ पासून या प्रश्नाला आणखी धार आली. त्या दिवशी १८६० ची भारतीय दंड संहिता, १९७३ ची फौजदारी प्रक्रिया संहिता आणि १८७२ चा पुरावा कायदा यांच्या जागी भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियम हे तीन नवे कायदे लागू झाले. खेड्यातील माणसाला कायद्याची ओळख होती ती कलमांच्या आकड्यांतून. ‘तीनशे सात लागलं’ म्हणजे लवकर जामीन नाही, ‘तीनशे तेवीस’ म्हणजे किरकोळ मारहाण, ‘चारशे अठ्ठ्याण्णव’ म्हणजे सासरचा छळ, एवढे शाळेची पायरी न चढलेल्या माणसालाही कळत होते. आता खुनाच्या ३०२ चे १०३ झाले, खुनाच्या प्रयत्नाच्या ३०७ चे १०९, साध्या दुखापतीच्या ३२३ चे ११५ आणि छळाच्या ४९८-अ चे ८५. शिवाय त्या तारखेपूर्वी घडलेल्या गुन्ह्यांना जुनी दंड संहिताच लागू राहते, त्यामुळे एकाच न्यायालयात एकाच दिवशी दोन्ही कायद्यांची कलमे ऐकू येतात. नव्या कायद्यात सामान्य माणसाच्या हिताच्या काही तरतुदी निश्चितच आहेत. पण दोन-तीन पिढ्यांनी ऐकून ऐकून जमवलेली ओळख एका रात्रीत पुसली गेली, आणि तिच्या जागी येणारी नवी ओळख गावाच्या पारापर्यंत अजून पोहोचलेली नाही.

गैरसमजाची सुरुवात पोलिस ठाण्यातच होते. समजा, जिंतूर किंवा गेवराई तालुक्यातील एखाद्या गावात बांध कोरण्यावरून भांडण झाले आणि शेजाऱ्याने एका शेतकऱ्याला लाथाबुक्क्यांनी मारले. हा शेतकरी ठाण्यात जातो, ठाणे अंमलदार त्याची हकिगत लिहून घेतात, एका कागदाची प्रत त्याच्या हातात देतात आणि ‘केस झाली’ अशा समजुतीने तो घरी परततो. प्रत्यक्षात हाड मोडलेले नसेल आणि हत्यार वापरलेले नसेल, तर अशी साधी दुखापत हा अदखलपात्र गुन्हा असतो, म्हणजे न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना त्याचा तपासच करता येत नाही. खिशातला कागद हा एनसीचा, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याच्या नोंदीचा असतो. न्यायालयात दाद मागण्याची समज दिली, अशा आशयाचे एखादे वाक्य त्यावर असते. पण त्या वाक्याचा अर्थ आणि पुढची वाट कुणी सांगत नाही. महिनाभर पोलिस गावात फिरकत नाहीत, तेव्हा समोरच्याने पैसे चारले असा निष्कर्ष तो काढतो. कधी तसे घडतही असेल, परंतु पुष्कळदा तिथे लाच नसते, एक साधी गोष्ट नीट सांगायची राहून गेलेली असते. मनात धरलेला तो संशय पुढच्या पेरणीपर्यंत मुरतो आणि दुसऱ्या वेळी भांडण लाथाबुक्क्यांवर थांबत नाही. याच भांडणात दोन्ही बाजूंना तहसीलदारांसमोर, म्हणजे कार्यकारी दंडाधिकाऱ्यांसमोर, शांतता राखण्याच्या बंधपत्रासाठी उभे केले जाते. ही ‘चॅप्टर केस’ प्रतिबंधक कारवाई असते, तिच्यात कुणाला दोषी धरलेले नसते. पण मार खाल्लेल्या माणसाला वाटते की आपल्यालाच शिक्षा झाली.

दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाल्यावर प्रथम खबर, म्हणजे एफआयआर, नोंदवणे पोलिसांना बंधनकारक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ललिता कुमारी खटल्यात २०१३ मध्ये स्पष्ट केले. नव्या नागरिक सुरक्षा संहितेने तीन वर्षे किंवा त्याहून अधिक पण सात वर्षांहून कमी शिक्षेच्या गुन्ह्यांत, उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याची परवानगी घेऊन चौदा दिवसांत प्राथमिक चौकशी करण्याची मुभा दिली आहे. गुन्हा कोणत्याही हद्दीत घडला तरी कोणत्याही ठाण्याने खबर नोंदवली पाहिजे, खबरीची प्रत फिर्यादीला किंवा पीडिताला मोफत दिली पाहिजे, आणि ठाण्याने नकार दिल्यास खबरीचा मजकूर पोलिस अधीक्षकांना लेखी पाठवता येतो व तेथेही काही झाले नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. म्हणजे ठाण्याचे दार बंद झाल्यावरही दोन दारे उघडी असतात. ज्याला ती दिसत नाहीत, तो मात्र ठाण्याच्या बाकावरूनच उठून परत जातो, किंवा ‘ओळखीने काम करून देतो’ म्हणणाऱ्या मध्यस्थाच्या हाती लागतो. मध्यस्थ जी माहिती विकतो, ती कायद्याने फुकट द्यायची माहिती असते, आणि ती अधिकृतपणे कुणी देत नाही म्हणूनच त्याचा धंदा चालतो.

याहून खोल गैरसमज खटला कुणाचा, याविषयी आहे. फिर्याद आपण दिली म्हणजे खटला आपला, अशी फिर्यादीची स्वाभाविक समजूत असते. कायद्याच्या दृष्टीने दखलपात्र गुन्ह्याचा खटला राज्य चालवते. फिर्यादी हा त्यातला पहिला, महत्त्वाचा साक्षीदार असतो. सरकारी अभियोक्ता राज्याची बाजू मांडतो, फिर्यादीने नेमलेला वकील तो नव्हे. हे एवढेच उमगले तरी पुष्कळ गोष्टींचा उलगडा होतो. दोन्ही घरांत समेट झाला तरी फिर्यादीला ‘केस मागे’ का घेता येत नाही, याचे उत्तर त्यात आहे. तडजोड करता येण्याजोग्या गुन्ह्यांची यादी कायद्यात दिलेली आहे, त्यातील काहींना न्यायालयाची परवानगी लागते, आणि यादीबाहेरच्या गुन्ह्यात समेट झाला असेल तर गुन्हा रद्द करण्यासाठी उच्च न्यायालयाकडेच जावे लागते. मराठवाड्याच्या माणसासाठी ते १९८१ मध्ये सुरू झालेले औरंगाबाद खंडपीठ होय, आणि देगलूरहून किंवा उमरग्याहून तिथे जाणे हे गरिबाच्या दृष्टीने एक वेगळेच संकट असते.

खटला राज्याचा असला तरी फिर्यादीचे हक्क संपत नाहीत. तपास कुठवर आला, हे नव्वद दिवसांच्या आत फिर्यादीला किंवा पीडिताला कळवण्याचे बंधन नव्या संहितेने पोलिसांवर घातले आहे. सरकारी अभियोक्त्याला साहाय्य करण्यासाठी पीडिताला न्यायालयाच्या परवानगीने स्वतःचा वकील देता येतो. पीडिताचा वकील असेल तर दोषारोपपत्राच्या प्रती त्यालाही मिळतात. आरोपी निर्दोष सुटला तर पीडिताला स्वतः अपील करता येते. पोलिसांना पुरावा मिळाला नाही आणि त्यांनी तपास बंद करायचे ठरवले, तर महाराष्ट्रात ‘अ’, ‘ब’ किंवा ‘क’ समरीचा अहवाल न्यायालयात जातो. ‘अ’ म्हणजे गुन्हा खरा, पण आरोपी किंवा पुरावा मिळत नाही. ‘ब’ म्हणजे फिर्याद हेतुपुरस्सर खोटी. ‘क’ म्हणजे गैरसमजातून आलेली किंवा मुळात दिवाणी स्वरूपाची. असा अहवाल स्वीकारण्यापूर्वी फिर्यादीला नोटीस देऊन त्याचे म्हणणे ऐकले पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्येच भगवंत सिंग खटल्यात सांगितले. नोटीस येतेही. पण तिचा अर्थ ‘तुमची फिर्याद बंद करण्याचा प्रस्ताव आहे, हरकत असेल तर या तारखेला येऊन सांगा’ असा आहे, हे त्या नोटिशीच्या भाषेतून किती जणांना कळते? नोटीस घरातल्या कपाटात जाते, तारखेला कुणी जात नाही, आणि फिर्यादीची हरकत नाही असे समजून फिर्याद निकाली निघू शकते. ‘ब’ समरीत तर आपण खोटे ठरवले जात आहोत, याचाही पत्ता त्याला नसतो.

आरोपीच्या बाजूने पाहिले तर चित्र अधिक गंभीर आहे, कारण तिथे तुरुंगाचा प्रश्न येतो. अटक केलेल्या व्यक्तीला चोवीस तासांत न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर उभे केले पाहिजे, तिला अटकेची कारणे सांगितली पाहिजेत आणि तिच्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेऊ दिला पाहिजे, हे संविधानाचा अनुच्छेद २२ सांगतो. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मिहिर राजेश शहा विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात एक पाऊल पुढे टाकले: गुन्हा कोणताही असो, अटकेची कारणे लेखी आणि अटक झालेल्या व्यक्तीला समजणाऱ्या भाषेत दिली गेली पाहिजेत. या निर्णयातील तत्त्व मला फार मोलाचे वाटते. नुसते ‘सांगितले’ पुरेसे नाही, समोरच्याला समजले पाहिजे, आणि ते त्याच्या हाती कागदावर राहिले पाहिजे, असा त्याचा अर्थ आहे. मग हे तत्त्व अटकेपाशीच का थांबावे? रिमांडचा आदेश, जामिनाच्या अटी, आरोप निश्चिती, आरोपीचा जबाब, निकाल आणि अपिलाची मुदत या प्रत्येक ठिकाणी न समजण्याची किंमत तेवढीच मोठी आहे.

जामिनाचेच पाहा. जामीन मंजूर झाला म्हणजे सुटका झाली, असे घरच्यांना वाटते, आणि मग कळते की ऐपतदार जामीनदार हवा. जामीनदाराचा सातबारा, ऐपतीचा दाखला, ओळखीचे कागद हे सारे जमवावे लागते. ज्याच्या नावावर गुंठाभर जमीन नाही, ज्याचे सगळे नातेवाईक तसेच भूमिहीन आहेत, त्याच्यासाठी मंजूर झालेला जामीन कागदावरच राहतो. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी १९७८ मध्ये मोतीराम खटल्यात हीच गोष्ट उघड केली होती. एका गवंड्याकडून दहा हजार रुपयांचा जामीनदार मागितला गेला होता, आणि भाऊ जामीन राहायला तयार असताना त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून तो नाकारला गेला होता. त्याला आता चार दशकांहून अधिक काळ लोटला. जामीनपात्र गुन्ह्यात अटकेनंतर आठवड्याभरात जामीनदार देता आला नाही, तर त्या व्यक्तीला निर्धन समजून केवळ तिच्या बंधपत्रावर सोडावे, अशी तरतूद कायद्यात आहे. जामीन मिळूनही सात दिवसांत सुटका न झालेल्या बंद्याची माहिती तुरुंग अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवावी, असे निर्देश सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये दिले. जामीनदाराची अट शिथिल करण्यासाठी अर्ज करता येतो. गुन्ह्याच्या शिक्षेनुसार साठ किंवा नव्वद दिवसांत दोषारोपपत्र दाखल झाले नाही, तर आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो. पण तो हक्क दोषारोपपत्र येण्याआधी मागावा लागतो, नंतर मागून उपयोग होत नाही. म्हणजे इथे माहिती वेळेवर असणे हाच हक्क असतो, आणि एक दिवस उशिरा कळलेली माहिती निरुपयोगी ठरते.

आता मराठवाड्याच्या खास दुखण्याकडे येतो. बीड, जालना, धाराशिव, परभणी या जिल्ह्यांतील वाड्यातांड्यांवरून दसरा-दिवाळीच्या सुमाराला ऊसतोड मजुरांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात आणि पाडव्याच्या आसपास परततात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी असते, आणि एकाने एक दिवस फड सोडला तर दोघांची मजुरी बुडते. या पाच-सहा महिन्यांत न्यायालयाचे कामकाज थांबत नाही. समन्स गावातल्या पत्त्यावर येते, घराला कुलूप असते. आरोपी म्हणून जामिनावर सुटलेला मजूर दोन तारखांना गैरहजर राहिला की आधी जामीनपात्र आणि मग पकड वॉरंट निघते, जामीनदाराला नोटीस जाते, बंधपत्राची रक्कम जप्त होण्याची वेळ येते. जामिनावर सुटून न्यायालयात हजर न राहणे हा स्वतंत्र गुन्हाही ठरू शकतो. हा मजूर पळालेला नसतो. तो कुठे आहे हे अख्ख्या गावाला ठाऊक असते. पण कागदावर तो फरार होतो, आणि गावी परतल्यावर सणाच्या तोंडावर पोलिस त्याला उचलतात, तेव्हा आपण कोणता नवा गुन्हा केला हे त्याला समजत नाही.

या बाबतीत कायदा आंधळा नाही, हे मुद्दाम सांगितले पाहिजे. वकिलामार्फत गैरहजेरी माफीचा अर्ज देता येतो. योग्य कारण असेल तर न्यायालय आरोपीची प्रत्यक्ष हजेरी माफ करून वकिलाला त्याच्या वतीने उभे राहू देऊ शकते. वॉरंट निघाले असेल तर स्वतःहून हजर होऊन ते रद्द करण्याचा अर्ज करता येतो, आणि स्वतःहून आलेल्या माणसाकडे न्यायालय सहसा वेगळ्या नजरेने पाहते. नव्या संहितेने इलेक्ट्रॉनिक पद्धतीने समन्स पाठवण्याची आणि दृकश्राव्य माध्यमातून साक्ष नोंदवण्याची सोय केली आहे. ई-कोर्ट्सच्या ॲपवर सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक, म्हणजे त्या खटल्याचा ओळख क्रमांक, टाकला की पुढची तारीख आणि खटल्याचा टप्पा मोबाइलवर दिसतो. टोळी निघण्यापूर्वी मजुराने हंगामातला पत्ता आणि मोबाइल क्रमांक न्यायालयाला लेखी कळवला आणि हजेरी माफीचा अर्ज देऊन ठेवला, तर यातली निम्मी वॉरंटे निघणार नाहीत, असे मला वाटते. प्रश्न एवढाच आहे की हे त्याला कोण सांगणार? जामीन देताना त्याच्या अंगठ्याचा ठसा घेतला जातो. त्या ठशाच्या वर कोणत्या अटी लिहिल्या आहेत, हे वाचून दाखवण्याचे काम कुणाच्या कर्तव्यसूचीत आहे?

साक्षीदार आणि पंच यांच्याविषयी समाज सहानुभूतीने बोलत नाही. ‘फितूर झाला’ असे म्हणून आपण मोकळे होतो. दबाव, पैसा, भावकी, जात ही कारणे खरीच आहेत, आणि त्यांच्यासाठी साक्षीदार संरक्षणाची योजना प्रामाणिकपणे राबवणे हाच उपाय आहे. पण त्यांच्या जोडीला एक कारण राहून जाते. घटना घडल्यावर तपासी अंमलदाराने लिहिलेल्या जबाबावर साक्षीदाराची सही घ्यायची नसते, अशी कायद्याची तरतूद आहे. कित्येक वर्षांनी तो पिंजऱ्यात उभा राहतो, उलटतपासणीत ‘हे तुम्ही पोलिसांना सांगितले नव्हते’ असे त्याला सुनावले जाते, आणि आपल्याला खोटे ठरवले जात आहे या भीतीने तो ‘आठवत नाही’ म्हणू लागतो. उलटतपासणी हा आरोपीचा रास्त हक्क आहे, तिचा हेतू तपासून पाहण्याचा आहे, आठवत नसेल तर तसे सांगण्यात कमीपणा नाही, हे त्याला साक्षीपूर्वी कुणी शांतपणे सांगितले असते, तर त्यातले काही साक्षीदार तरी टिकले असते. पंचनाम्यावर सही करणाऱ्याला तर ही सही आपल्याला पुढे न्यायालयात नेणार आहे, हेच माहीत नसते. साठीच्या पुढच्या पुरुषांना, स्त्रियांना आणि गंभीर आजारी माणसांना जबाबासाठी ठाण्यात बोलावता येत नाही, पोलिसांनी त्यांच्या घरी गेले पाहिजे, ही तरतूद खेड्यात जवळजवळ कुणालाच ठाऊक नाही. साक्षीदाराला प्रवासखर्च आणि भत्ता देण्याचा आदेश न्यायालय करू शकते. दिवसाची मजुरी बुडवून आलेला साक्षीदार तो न मागताच शेवटची एसटी पकडतो.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा, की हे सगळे सांगायला वकील आहेत. चांगला वकील सांगतोच, आणि तालुक्याच्या न्यायालयांत असे कळकळीचे वकील मी पाहिले आहेत. पण फिर्यादीला आणि साक्षीदाराला बहुधा वकील नसतोच, आणि गरीब आरोपीला तो उशिरा मिळतो. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चा. तो अंमलात आला १९९५ मध्ये. अनुसूचित जाती-जमाती, स्त्रिया, मुले, अपंग व्यक्ती आणि कोठडीतील बंदी यांना उत्पन्नाचा विचार न करता मोफत वकील मिळण्याचा हक्क त्याने दिला. प्रत्येक जिल्ह्याला प्राधिकरण आहे, तालुक्याला समिती आहे, १५१०० हा मोफत दूरध्वनी क्रमांक आहे, आणि आता गरीब आरोपींच्या बचावासाठी असलेल्या लोकअभिरक्षक कार्यालयांत पूर्णवेळ वकील नेमले जात आहेत. तरीही ‘फुकटचा वकील काय लढणार’ म्हणून माणूस सावकाराकडून कर्ज काढतो किंवा दागिने गहाण ठेवतो. ही समजूत बदलायची तर लोकअभिरक्षकाचे नाव आणि खोली क्रमांक समन्सवरच छापलेला असला पाहिजे, शिबिराच्या फलकावर तो असून भागणार नाही.

शिबिरे होतात, हाही आक्षेप घेतला जातो. विधी साक्षरता शिबिरे चांगलीच आहेत, पण माणसाला कायदा शाळेच्या पटांगणावर सतरंजीवर बसून ऐकताना कळत नाही. तो कळतो स्वतःवर वेळ येते तेव्हा, आणि त्या वेळी शिबिर तिथे नसते. माहिती गरजेच्या क्षणी, त्या टप्प्याच्या कागदासोबतच हाती आली पाहिजे. तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: आरोपींना प्रक्रिया समजली की ते पळवाटा काढतील. याचे उत्तर असे, की पैसेवाल्या आणि सराईत आरोपीला ही प्रक्रिया आजही पूर्णपणे समजते; अज्ञानाचा फटका बसतो तो पहिल्यांदाच सापडलेल्याला. कायद्याचे अज्ञान ही सबब चालत नाही, असे राज्य आपल्याला सांगते. ते मान्य करायचे, तर ज्ञान पोहोचवण्याची जबाबदारीही राज्याने मान्य केली पाहिजे.

भाषेचा मुद्दा यातच येतो. मराठवाड्याच्या जुन्या पिढीने निजामी राजवटीत उर्दू कागदपत्रे दुसऱ्याकडून वाचून घेतली आहेत. १९४८ च्या मुक्तीनंतर आणि १९६० च्या महाराष्ट्रानंतर तो काळ संपायला हवा होता. राज्यातील कनिष्ठ न्यायालयांची भाषा मराठी असल्याची अधिसूचना १९९८ मध्ये निघाली. फिर्याद, पंचनामा, जबाब मराठीत असतात. पण जामिनाचे आणि अंतरिम आदेश आजही अनेक ठिकाणी इंग्रजीत येतात, आणि घरातल्या शिकलेल्या मुलालाही त्यातल्या अटींचा नीट उलगडा होत नाही. आदेश इंग्रजीत लिहायचाच असेल, तर त्याखाली चार ओळींत मराठी गोषवारा देणे अशक्य नाही: काय मंजूर झाले, कोणत्या अटी, पुढची तारीख कोणती, त्या दिवशी काय करायचे.

पीडिताला कार्यवाहीची वेळेवर सूचना आणि प्रवासखर्च देणे व्यवस्थेला झेपणार नाही, असे म्हणणाऱ्यांनी अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्यातील २०१५ ची दुरुस्ती वाचावी. त्या दुरुस्तीने पीडिताला जामिनाच्या सुनावणीसह प्रत्येक कार्यवाहीची वाजवी, अचूक आणि वेळेवर सूचना मिळण्याचा हक्क दिला, तसेच प्रवास व निर्वाहखर्चाची सोय केली. तिची अंमलबजावणी सगळीकडे नीट होते असा माझा दावा नाही. पण संसदेने हे कर्तव्य एकदा शब्दांत मांडले आहे, आणि ते सर्व फौजदारी खटल्यांना लागू का करू नये, याचे पटणारे कारण मला दिसत नाही.

तोपर्यंत थांबण्याचेही कारण नाही. संविधानाच्या अनुच्छेद २२७ नुसार उच्च न्यायालयाला कनिष्ठ न्यायालयांच्या कामकाजासाठी सर्वसाधारण नियम करण्याचा आणि नमुने ठरवून देण्याचा अधिकार आहे. समन्स, नोटीस, जामिनाचे बंधपत्र या प्रत्येकाच्या पाठीमागे त्या टप्प्याची माहिती सोप्या मराठीत छापण्यासाठी नवा कायदा लागत नाही. एनसीच्या आणि प्रथम खबरीच्या प्रतीसोबत एक पान जोडण्यासाठी गृह विभागाचे परिपत्रक पुरते. ज्याला वाचता येत नाही, त्याला ते वाचून दाखवण्यासाठी तालुका विधी सेवा समितीचे विधी स्वयंसेवक न्यायालयाच्या आवारात ठरलेल्या वेळी बसवता येतात. आणि बीड, जालना, धाराशिव, परभणी या जिल्ह्यांत ही सुरुवात सप्टेंबरात झाली, तर टोळ्या निघण्याआधीच गावोगाव प्रलंबित खटल्यांतील मजुरांचे हंगामी पत्ते, मोबाइल क्रमांक आणि हजेरी माफीचे अर्ज न्यायालयांपर्यंत पोहोचवता येतील.